तळेगावचा काचकारखाना: प्रस्तावना

लोकमान्य टिळकांना जुलै 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांची रवानगी मंडालेला झाली. त्याच वर्षी पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या तळेगाव दाभाडे या गावी पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. पहिली घटना शाळकरी मुलांनाही पाठ असते. दुसरी मावळाबाहेर फारशा कुणाला ठाऊक नाही, आणि मावळातही पुष्कळांसाठी ती आता नुसत्या नावापुरती उरली आहे. हे पुस्तक या दुसऱ्या घटनेचा शोध घेते. पुस्तक हाती घेणाऱ्याने आधीच एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे या कारखान्याला कोणत्या मापाने मोजायचे. वर्षाला किती माल काढला आणि किती नफा कमावला या मापाने तो लहान ठरतो. हिंदुस्थानात काच करता येणारी माणसे जवळजवळ नव्हती त्या काळात त्याने अशी माणसे तयार केली, या मापाने पाहिले तर तो देशातल्या महत्त्वाच्या कारखान्यांपैकी एक ठरतो. माझ्या मते दुसरे माप खरे आहे. ते खरे का, हे सांगण्यासाठी काच, पैसा आणि मावळ या तिन्हींकडे वळले पाहिजे.

काच आपल्याला नवी नव्हती. मोरेश्वर दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर लिहिलेला आणि 1969 मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे. उत्खननांत सापडलेले मणी आणि बांगड्या यांचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीला संकालिया आणि दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्या निघाल्या, हे पुरातत्त्वाच्या वाचकांना परिचित आहे. मात्र ही परंपरा मुख्यतः मण्यांची आणि बांगड्यांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल घरोघर पोचले आणि काचेची गरजच पालटली. आता लागत होती दिव्याची चिमणी: पातळ, पारदर्शक, आतून ज्योतीने तापलेली आणि बाहेरून वाऱ्याचा झोत लागला तरी न तडकणारी. ती फुटत असे, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावी लागे. चिमण्या, ग्लोब, बाटल्या, बरण्या, औषधांच्या कुप्या, खिडक्यांची तावदाने हा सगळा माल ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आणि नंतर जपान इथून येई. खेड्यातल्या ज्या घरात विलायती कापडाचा तुकडाही नसेल, तिथेही संध्याकाळी परदेशी काच पेटत होती.

काच करायची कृती कागदावर सोपी दिसते. शुद्ध वाळू, सोडा आणि चुना एकत्र करून साधारण चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की काच होते. अडचणी तिथून पुढे सुरू होतात. वाळूत लोहाचा अंश थोडाही जास्त असला तर काच हिरवट पडते. उष्णता सोसणाऱ्या मातीच्या ज्या मुशींत काच वितळते, त्या मुशीच काचेच्या रसाने झिजत जातात, आणि मूस फुटली की सगळा घाणा वाया जातो. भट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. ती दिवसरात्र जळती ठेवावी लागते, म्हणजे मागणी असो वा नसो, कोळशाचा खर्च चालूच राहतो. फुंकणीच्या टोकावर घेतलेला रस किती घट्ट असताना फुंकायचा, फुंकणी किती वेगाने फिरवायची, साच्यात तो कधी सोडायचा, हे हाताला कळावे लागते. पुस्तक वाचून ते येत नाही. तयार वस्तू तशीच बाहेर ठेवली तर आतल्या ताणाने तडकते, त्यामुळे ती वेगळ्या भट्टीत हळूहळू निववावी लागते. यातले कोणतेही एक पाऊल चुकले तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाते. भांडवल, कच्चा माल आणि बाजारपेठ असूनही काचकारखाना बुडू शकतो, कारण त्याचा कणा अंगी मुरलेले कसब हा आहे.

आणि तसे कारखाने बुडलेही. 1890च्या दशकापासून झेलम, टिटागड अशा ठिकाणी युरोपीय पद्धतीची काच करण्याचे प्रयत्न झाले. बहुतेकांनी परदेशी कारागीर आणले. त्यांचे पगार भारी होते, आपले कसब दुसऱ्याला देण्यात त्यांचा काही फायदा नव्हता आणि ते निघून गेले की भट्टी थंड पडे. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. काचेच्या धंद्याची रीतच तशी होती. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1291 मध्ये आगीच्या भीतीने सगळ्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. पुढे त्या बेटाभोवतालच्या पाण्याचा उपयोग कारागीर आणि त्यांची गुपिते बाहेर जाऊ नयेत यासाठी झाला. काचेचे ज्ञान राखून ठेवायचे, ही त्या व्यवसायाची शतकानुशतकांची सवय. तळेगावने नेमके याच्या उलट केले, आणि त्याचे मोठेपण मला तिथे दिसते.

तळेगावमागचा विचार पुण्यात बराच आधी सुरू झाला होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. त्याच्याही आधी, 1882 मध्ये, केशव मल्हार भट हा पुण्याचा तरुण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला गेला, आणि त्या दशकात टिळकांच्या वर्तुळातल्या ‘मराठा’ पत्राने त्या संस्थेची ओळख वाचकांना करून दिली. रॉस बॅसेट या इतिहासकाराने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा धागा उलगडून दाखवला आहे. टिळकांच्या स्वदेशीकडे केवळ परदेशी मालाची होळी म्हणून पाहणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. परदेशी माल नाकारायचा आणि परदेशी विद्या मिळवायची, या दोन गोष्टींत त्या पिढीला विसंगती वाटत नव्हती. अलीगढकडचे ईश्वरदास वार्ष्णेय काच शिकायला आधी जपानला आणि मग त्याच अमेरिकन संस्थेत गेले. परत आल्यावर तळेगावची भट्टी उभी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. उत्तर हिंदुस्थानातला तरुण, शिक्षण टोकियो आणि बोस्टनच्या बाजूला, कारखाना मावळात: 1908 मध्ये हा प्रवास किती असाधारण होता याची कल्पना आज सहज येत नाही.

आता पैशाकडे वळू. पैसा फंड ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत, एवढाच तिचा आशय. टिळकांनी आणि ‘केसरी’ने ती उचलून धरली. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. दहा हजार रुपये जमवायचे तर सहा लाख चाळीस हजार वेळा कुणीतरी पैसा द्यायला हवा, आणि तितक्या वेळा कुणीतरी तो मागायला हवा. निव्वळ भांडवल उभारण्याचा मार्ग म्हणून हा कमालीचा संथ आणि दमवणारा. 1907 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भांडवल मुंबईत सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी तीन आठवड्यांत पुरे केले. त्याच्या शेजारी पैसा फंड ठेवला तर तो भाबडा वाटेल. परंतु फंडाचा हेतू निराळा होता. भागधारक लाभांशाची वाट पाहतो. पैसा देणाऱ्याला लाभांश नव्हता. त्यामुळे कारखान्याने काय करावे हा प्रश्न नफ्याच्या गणिताने आपोआप सुटत नव्हता. लोकांच्या पैशावर चाललेल्या कारखान्याने लोकांना काय परत द्यायचे? तळेगावने दिलेले उत्तर होते: शिक्षण. कारखान्यात माल निघत असतानाच विद्यार्थी आणि कारागीर तयार होत, आणि ते आपापल्या प्रांतात जाऊन काचेचे काम सुरू करत.

अशा पैशातून उभा राहिलेला काचकारखाना जगात दुसराही होता. फ्रान्समधल्या कार्मो गावात 1895 मध्ये काच कामगारांचा मोठा संप झाला. मालकाने माघार घेतली नाही, तेव्हा कामगारांनी शेजारच्या आल्बी इथे, तार्न नदीकाठच्या गावात, स्वतःचा कारखाना काढला. एका मोठ्या देणगीबरोबरच कामगार संघटनांनी देशभर वीस-वीस सांतीमची तिकिटे खपवून पैसा जमवला आणि ऑक्टोबर 1896 मध्ये जाँ झोरेस यांच्या उपस्थितीत कारखाना सुरू झाला. आल्बी आणि तळेगाव यांनी एकमेकांचे नाव ऐकले होते असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. दोन्ही ठिकाणी लहान माणसाच्या लहान नाण्यातून भट्टी पेटली. एका ठिकाणी वर्गाच्या स्वाभिमानासाठी, दुसऱ्या ठिकाणी देशाच्या. तळेगावचा इतिहास लिहिताना ही तुलना मोलाची आहे, कारण आल्बीच्या कारखान्याची मालकी कामगारांच्या संघटना आणि सहकारी संस्था यांच्याकडे होती. तळेगावात तसे नव्हते, आणि या फरकाकडे मी पुढे वळणार आहे.

तळेगावच का, हा या विषयातला जुना आक्षेप. मावळ इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांचे खोरे. तळेगाव या दोहोंच्या मध्ये वसलेले. इथला सगळा खडक काळा बेसॉल्ट. काचेला लागणारी पांढरी, गारगोटीची वाळू या खडकातून मिळत नाही. कोळसाही नाही. सोडा परदेशातून येई. मग इथे कारखाना काढणे हा निव्वळ भावनेचा खेळ नव्हता का? पहिले उत्तर रेल्वेचे. पुणे-खंडाळा मार्ग 1858 मध्ये आणि बोरघाटाचा चढ 1863 मध्ये सुरू झाला. मुंबई बंदरात उतरलेला सोडा आणि वाघिणीतला कोळसा तळेगावला थेट येऊ शकत होता, तयार माल पुण्या-मुंबईला जाऊ शकत होता. दुसरे उत्तर गावाच्या त्या वेळच्या वातावरणाचे. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय, राष्ट्रीय शिक्षणाचा एक धाडसी प्रयोग, याच गावात चालत होते, आणि सरकारने 1910 मध्ये ते बंद पाडले. शाळा आणि कारखाना एकाच गावात, एकाच काळात, एकाच विचाराच्या माणसांच्या आधाराने उभे होते. तिसरे उत्तर बाहेरचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या सँडविच गावात 1825 मध्ये निघालेला काचकारखाना तिकडे फार नावाजला. समुद्रकाठ म्हटल्यावर वाळू तिथलीच असेल असे वाटते, पण ती काचेला निरुपयोगी होती. वाळू लांबून येई आणि कारखाना तिथे होता तो भोवतालच्या जंगलातल्या सरपणासाठी. लँकेशायरमध्ये तरी कापूस कुठे पिकत होता?

हा आक्षेप केवळ इतिहासकारांचा नाही, त्याने प्रत्यक्ष धोरण ठरवले. हिंदुस्थानातल्या उद्योगांना जकातीचे संरक्षण कोणत्या अटींवर द्यायचे, हे 1922 च्या आयोगाने ठरवले. कच्च्या मालाची मुबलकता ही त्यांतली एक अट होती. काचधंद्याची चौकशी जकात मंडळाने केली आणि 1932 च्या अहवालात संरक्षणाची शिफारस केली. सरकारने 1935 मध्ये ती नाकारली, कारण सोडा देशात पुरेसा होत नाही. वाळू देशी, मजूर देशी, बाजारपेठ देशी, पण एक घटक परदेशी, म्हणून सगळा धंदा वाऱ्यावर. मिठापूरला टाटांचा सोड्याचा कारखाना 1939 मध्ये स्थापन झाला, म्हणजे जी अडचण कायमची मानली गेली ती काही वर्षांत सुटायला लागली. तळेगावसकट सगळ्या देशी कारखान्यांनी जी लढाई दिली ती जपानी मालाशी होती, तशीच या निकषाशीही होती. त्यांच्या अपयशांची यादी करणाऱ्याने हा भाग वगळू नये.

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे धरणे बांधली, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. शेजारच्या मुळशीत अशाच प्रकल्पाविरुद्ध 1921 पासून शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. मावळाच्या डोंगरावर पडलेला पाऊस मुंबईत वीज होत होता, आणि मावळातल्या घरांत रॉकेलचे दिवे होते. अशा दिव्यांना लागणारी काच त्याच मावळात घडत होती. उद्योगाच्या या दोन तऱ्हा एकाच खोऱ्यात इतक्या जवळ असताना आपल्या लेखनात त्या कधी एकत्र आल्या नाहीत. पहिलीने मावळातून घेतले आणि लांब नेले. तिचे मोठेपण निर्विवाद आहे, तिच्यामुळे झालेले नुकसानही. दुसरीने लांबून आणले आणि इथे शिकवले.

उद्योगाच्या इतिहासाचे मराठीत आणि मराठीबाहेर जे प्रवाह आहेत, त्यांतल्या प्रत्येकाने तळेगावला थोडे थोडे पाहिले आहे. पहिला प्रवाह चरित्रांचा. त्यात उद्योग म्हणजे उद्योजक: किर्लोस्करवाडी म्हणजे लक्ष्मणराव, ओगलेवाडी म्हणजे ओगले बंधू. औंध संस्थानाच्या पाठबळावर 1916 मध्ये कऱ्हाडजवळ सुरू झालेला ओगल्यांचा काचकारखाना आणि त्यांचा प्रभाकर कंदील यांना मराठी मनात जागा मिळाली, कारण तिथे सांगायला एक कुटुंब होते. फंडाला कुटुंब नसते, म्हणून तळेगाव मागे राहिले. दुसरा प्रवाह अर्थशास्त्राचा. धनंजयराव गाडगीळ यांचा औद्योगिक उत्क्रांतीवरचा 1924 मधला ग्रंथ आणि नंतर पुण्याची गोखले संस्था यांनी या शाखेला शिस्त दिली. पण आकड्यांच्या तक्त्यात एक लहान कारखाना दिसेनासा होतो. तिसरा प्रवाह चळवळींच्या चिकित्सेचा. सुमित सरकार यांनी 1973 मध्ये बंगालच्या स्वदेशीचा जो कठोर हिशेब मांडला, त्याने अशा उद्योगांचा उत्साह आणि त्यांचे प्रत्यक्ष उत्पादन यांतले अंतर दाखवले. हा हिशेब महाराष्ट्रालाही लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. स्वदेशी काचेने परदेशी काच हटवली नाही. 1914 मध्ये युद्धाने जर्मन आणि ऑस्ट्रियन माल थांबला तेव्हा देशी कारखान्यांना संधी मिळाली, पण तिचा मोठा वाटा जपानने उचलला.

तरीही उत्पादनाचा हिशेब हा पुरा हिशेब नाही. त्याच महायुद्धात ब्रिटनच्या लक्षात आले की प्रयोगशाळेची आणि दुर्बिणींची काच आपण येना आणि इतर जर्मन कारखान्यांकडून घेत आलो. 1915 मध्ये शेफील्ड विद्यापीठात काचतंत्राचा विभाग सुरू झाला. औद्योगिक क्रांती करणाऱ्या देशालाही काच शिकवण्याची संस्था काढायला युद्ध लागले. तळेगावात अशा शिक्षणाची गरज सात वर्षे आधी ओळखली गेली होती, तीही सरकारच्या मदतीवाचून. वार्ष्णेय पुढे उत्तरेत परतले आणि बहजोईच्या कारखान्यातून त्यांचे नाव झाले. तळेगावात शिकलेले कारागीर वेगवेगळ्या प्रांतांत पसरले. कारखान्यातून माणसे निघून जाणे हा धंद्याच्या दृष्टीने तोटा असतो. शिकवलेला हात शेजारच्या स्पर्धकाकडे गेला की मालकाचे नुकसान होते. लोकनिधीवर चाललेल्या संस्थेला मात्र तेच साध्य करायचे होते. जाधवपूरला काच आणि मृत्तिका संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1950 मध्ये सुरू होईपर्यंत हे काम देशात मोजक्याच ठिकाणी झाले.

याहून अवघड आक्षेप वेगळा आहे, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. या इतिहासात काळे आहेत, टिळक आहेत, वार्ष्णेय आहेत. भट्टीपुढे उभे राहून फुंकणी धरणारे कुठे आहेत? वितळलेल्या काचेपासून हातभर अंतरावर दिवस काढणारे, डोळे आणि छाती पणाला लावणारे, मुशी बदलताना भाजणारे, माल निवडून गवतात बांधणारे? पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळाने सुरू केलेल्या संस्थेच्या कागदांत त्यांची नावे सहजी येत नाहीत. जोन स्कॉट यांनी कार्मोच्या काच कामगारांवर 1974 मध्ये लिहिलेले पुस्तक या बाबतीत आदर्श आहे. यंत्र आले, कसबाची किंमत घसरली आणि त्यातून एका गावाची घरे, लग्ने आणि राजकारण कसे बदलले, हे त्यांनी गावाच्या नोंदींवरून दाखवले. तळेगावबद्दल असे काम झाल्याशिवाय ‘शिकवणारा कारखाना’ हे माझे वर्णन अर्धेच सिद्ध होते. शिकले कोण? परप्रांतातून आलेले विद्यार्थी शिकून गेले, हे खरे. पण मावळातल्या कातकरी, मराठा, महार, माळी घरांतली किती मुले मजूर म्हणून आली आणि कारागीर झाली, आणि किती जण मजूरच राहिले? लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकांना आहेच.

आज हा विषय का घ्यावा, याचे उत्तर तळेगावाकडे पाहिल्यावर मिळते. तिथे आता मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि शेजारून द्रुतगती महामार्ग जातो. 2022 मध्ये तळेगावला अपेक्षित असलेला सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, तेव्हा राज्यात मोठा वाद पेटला. पुढच्या वर्षी त्यातली भागीदारीच मोडली. त्या वादात गुंतवणुकीचे आणि नोकऱ्यांचे आकडे पुष्कळ ऐकू आले. हे तंत्र इथे कोण शिकणार, शिकलेला माणूस पुढे स्वतः काही उभारू शकेल का, हे प्रश्न फारसे ऐकू आले नाहीत. पाण्याचा प्रश्नही जुनाच आहे: पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ऑगस्ट 2011 मध्ये मावळात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. मावळात उद्योग यावा की नाही असा वाद इथे कधीच नव्हता. तो कुणाच्या अटींवर यावा आणि जाताना काय ठेवून जावा, हा वाद आहे, आणि त्याला शंभर वर्षांहून जास्त काळाचा इतिहास आहे.

हे पुस्तक त्या इतिहासाचा एक तुकडा सलग मांडण्याचा प्रयत्न करते. ते गौरवग्रंथ नाही. फंडाचा हिशेब, भट्टीचे तंत्र, गावाची वस्ती आणि बाजारातली स्पर्धा यांना ते एकमेकांपासून तोडत नाही, आणि जिथे पुरावा थांबतो तिथे तेही थांबते. काचेची तांत्रिक माहिती नसलेल्या वाचकाने भट्टीचा भाग वगळून पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. मूस का फुटते हे कळल्याशिवाय कारखाना का अडखळला ते कळत नाही. कामगारांविषयीचा भाग सर्वांत त्रोटक आहे, आणि तो वाढवणे वाचकांच्या हाती आहे. तळेगाव, वडगाव, इंदोरी, सोमाटणे, कामशेत या गावांतल्या घरांमध्ये पगाराची चिठ्ठी, शिकाऊपणाचा दाखला, भट्टीसमोर काढलेला फोटो, एखादी जुनी फुंकणी किंवा आजोबांनी परप्रांतातल्या काचकारखान्यातून लिहिलेले पत्र असेल, तर ते रद्दीत किंवा भंगारात जाऊ देऊ नका. त्यावर नावे आणि वर्ष लिहून ठेवा, आणि गावातल्या वाचनालयात त्याची एक प्रत द्या.